ठासणीची बंदूक आणि प्रयोगाचा पुरावा: ग्राझच्या चाचण्या कशा वाचायच्या?

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सतराव्या शतकातलं एक शस्त्रागार आहे. १६४२ ते १६४५ या काळात बांधलेल्या या इमारतीत आज सुमारे ३२ हजार वस्तू आहेत: बंदुका, पिस्तुलं, चिलखतं, तलवारी, भाले. स्टायरिया हा प्रांत तेव्हा ऑटोमन साम्राज्याच्या सीमेवर होता. त्यामुळे गरज पडली की एकदम हजारो माणसांना शस्त्रं देता यावीत, अशी ही सोय. १९८८-८९ मध्ये या शस्त्रागाराच्या लोकांनी एक धाडस केलं. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या अस्सल बंदुका फडताळातून काढल्या, ऑस्ट्रियन लष्कराच्या चाचणी-केंद्रात नेल्या आणि चक्क उडवून पाहिल्या.

पीटर क्रेन, पॉल कालाउस आणि बर्ट हॉल यांनी या चाचण्यांवर लिहिलेला इंग्रजी लेख १९९५ साली 'मटेरियल हिस्टरी रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. त्यानंतर युरोपच्या युद्धेतिहासावर लिहिणारे अनेक जण त्यातले आकडे वापरत आले आहेत. आज आपण हा लेख 'परीक्षक' म्हणून वाचणार आहोत.

आता तुम्ही म्हणाल, पेटची तयारी करणाऱ्यांना युरोपातल्या जुन्या बंदुकांशी काय देणं-घेणं? मीही इतिहासाचा नाही, पदार्थविज्ञानाचा आहे. पण संशोधन पद्धतीच्या पेपरात आपण जे शब्द पाठ करतो ना, चल, नियंत्रण, नमुना, वैधता, सामान्यीकरण, ते सगळे या एका लेखात जिवंत दिसतात. आणि बंदूक ही चीज अशी आहे की चूक कुठे शिरते ते डोळ्यांना दिसतं. शिवाय 'ठासणीची बंदूक' म्हटलं की कोकणातल्या वाचकाला वेगळं समजवायला नको. शेतीराखणीसाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका तिथे आजही आहेत. पुढून दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, रंजक घालायची आणि बार काढायचा. तत्त्व तेच.

आधी प्रश्न समजून घेऊ

कुठल्याही प्रयोगाचं मूल्यमापन करण्याआधी विचारायचं: हा प्रयोग कोणत्या भांडणात उतरलाय?

इथलं भांडण मोठं आहे. १९५५ साली मायकेल रॉबर्ट्स या इतिहासकाराने बेलफास्टमधल्या व्याख्यानात मांडलं की साधारण १५६० ते १६६० या शंभर वर्षांत युरोपात 'लष्करी क्रांती' झाली. बंदूकधारी पायदळ, कवायत, मोठ्या फौजा, त्यांना पोसणारं करवसुलीचं राज्य, अशी ती साखळी. १९८८ मध्ये जेफ्री पार्करने हा विचार आणखी ताणून युरोपच्या जगभरातल्या वर्चस्वाशी जोडला. म्हणजे तोडेदार बंदूक 'किती चालायची' हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा उरत नाही. ती जर शंभर मीटरवर माणसाला टिपू शकत नसेल, तर सैनिकांना रांगेत उभं करून एकदम बार काढायला लावणं यामागे भौतिक कारण आहे असं म्हणता येतं. टिपू शकत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं: प्रशिक्षणात, पैशात, शिस्तीत, भीतीत. हॉलने १९९७ च्या आपल्या पुस्तकात पहिली बाजू घेतली. आतून गुळगुळीत असलेल्या नळीची अचूकता मुळातच मर्यादित होती आणि त्या मर्यादेने पुढच्या दोन-अडीच शतकांच्या रणनीतीला आकार दिला, असा त्याचा रोख आहे. त्या युक्तिवादाचा एक मोठा खांब म्हणजे ग्राझचे आकडे.

म्हणून खांब ठोकून बघायला हवा.

त्यांनी नेमकं काय केलं?

निवडक लांब बंदुका आणि पिस्तुलं घेतली. माणसाच्या खांद्यावर न देता त्या एका चौकटीत घट्ट आवळल्या. तोडा किंवा चकमक न वापरता दारू विजेच्या ठिणगीने पेटवली. दारू आधुनिक कारखान्यातली, दाणेदार. गोळीचा वेग उपकरणांनी मोजला. १०० मीटरवर १६७ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद लक्ष्य धरलं, म्हणजे साधारण एका उभ्या माणसाएवढं. पोलादाच्या पत्र्यांतून आणि लाकडातून गोळी किती शिरते ते पाहिलं. तुलनेसाठी ऑस्ट्रियन लष्कराची आधुनिक शस्त्रंही त्याच पद्धतीने उडवली.

निकाल थोडक्यात असे. नळीतून सुटतानाचा वेग सरासरी ४५० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, काही बंदुकांचा तर ५०० च्या वर. ध्वनीचा वेग ३४० धरला तर ही गोळी स्वनातीत आहे. पण १०० मीटरवरच्या लक्ष्याला लागण्याची शक्यता बऱ्याच गुळगुळीत नळ्यांच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास घुटमळते. एका चाचणीत सोळाव्या शतकातल्या ऑग्सबर्गच्या एका छातीपत्रावर (जाडी साधारण तीन मिलिमीटर) साडेआठ मीटरवरून पिस्तूल झाडलं. गोळीने पोलाद भेदलं, पण मागे ठेवलेल्या तागाच्या कापडाच्या थरांत ती अडकली. आतला माणूस वाचला असता.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे

परीक्षण म्हणजे फक्त खोड काढणं असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. या प्रयोगाचं सर्वांत मोठं बळ म्हणजे मूळ वस्तू. दुसरं बळ म्हणजे चलांचं नियंत्रण. नेमबाजाचा थरथरता हात, डोळ्यासमोर रंजक भडकल्यावर मिटणाऱ्या पापण्या, ओली दारू, झिजलेली गार, हे सगळं त्यांनी बाजूला काढलं. उरली फक्त नळी, दारू आणि गोळी. म्हणजे त्यांनी मोजली ती बंदुकीची उपजत क्षमता.

आणि त्यांचे वेगाचे आकडे दुसऱ्या, स्वतंत्र वाटेनेही पटतात. इंग्लंडमधल्या बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बॅलिस्टिक लंबक वापरून बंदुकीच्या गोळीचा वेग मोजला होता. जड लाकडी लंबकात गोळी घुसवायची, लंबक किती हलला ते मोजायचं आणि संवेगाच्या नियमावरून वेग काढायचा. बारावीत आपण हे गणित करतो. त्याचं उत्तर सेकंदाला सुमारे १७०० फूट, म्हणजे ५०० मीटरच्या घरात. अडीचशे वर्षांच्या अंतराने, वेगळ्या उपकरणाने, वेगळ्या दारूने तोच पल्ला मिळतो, तेव्हा त्या आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. याला पुराव्याचं त्रिकोणीकरण म्हणतात.

आणखी एक पडताळणी आपण कागदावर करू. अठराव्या शतकातली ब्रिटिश 'ब्राउन बेस' घ्या. नळीचा आतला व्यास सुमारे १९ मिमी, गोळीचा १७.५ मिमी. शिशाची अशी गोळी साधारण ३२ ग्रॅमची भरते. गोल वस्तूचा हवेतला रोधगुणांक स्वनातीत वेगाला ०.९ च्या आसपास धरला, तर ४५० च्या वेगाला गोळी दर मीटरमागे जवळजवळ २ मीटर प्रतिसेकंद वेग गमावते. १०० मीटरवर वेग ३०० च्या आसपास येतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात असल्याने निम्म्याहून कमी, साधारण ४५ टक्के उरते. ग्राझच्या निकालांतही जवळून जाड पत्रा फोडणारी गोळी लांबवर बरीच मवाळ होते. म्हणजे भौतिकशास्त्र आणि मोजमाप एकाच बाजूला आहेत. एखादा प्रयोग वाचताना असं पाच मिनिटांचं गणित नेहमी करून बघा. संगणक लागत नाही.

आता खोड: एन किती?

पहिली शंका नमुन्याची. एकाच बंदुकीतून पुष्कळ बार काढले, तर तुम्हाला त्या *एका* बंदुकीबद्दल पुष्कळ कळतं. पण लेखकाला बोलायचं असतं 'सोळाव्या शतकातल्या बंदुका' या विषयावर. तिथे नमुन्याचा आकार म्हणजे बारांची संख्या नव्हे, बंदुकांची संख्या. आणि दोन-अडीच शतकांतल्या, वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या जातीच्या मूठभर बंदुका असतील तर प्रत्येक जातीसाठी एन जेमतेम एक किंवा दोन.

देवगडला जाऊन एकाच झाडाचे दोनशे आंबे तोलले आणि 'हापूसचं सरासरी वजन' म्हणून पेपर लिहिला, तर गाईड काय म्हणेल? दोनशे आंबे खरे, पण झाड एकच. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. जीवशास्त्रात, शिक्षणशास्त्रात, कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांतही ती सर्रास सापडते. एका वर्गातले साठ विद्यार्थी म्हणजे अध्यापन-पद्धतीचे साठ नमुने नव्हेत.

ग्राझच्या लेखकांनी प्रत्येक बंदुकीचे आकडे वेगळे दिले आहेत, ही त्यांची प्रामाणिकता. दोष येतो तो ते आकडे उचलून 'त्या काळची बंदूक पन्नास टक्के लागायची' असं एका वाक्यात लिहिणाऱ्यांचा. तुमच्या साहित्य-आढाव्यात असं वाक्य आलं की थांबा आणि मूळ तक्ता उघडा.

उरलेल्या बंदुका कोणत्या?

दुसरी शंका थोडी खोल आहे. शस्त्रागारात तीनशे वर्षं काय टिकतं? जे घाऊक विकत घेतलं, ओळीने मांडून ठेवलं आणि फारसं बाहेर काढावं लागलं नाही ते. जी बंदूक वर्षानुवर्षं मोहिमेत फिरली, पावसात भिजली, नळीला खड्डे पडले, ती बहुधा भंगारात गेली किंवा फुटली. म्हणजे आपल्या हातात आलेला नमुना रणांगणावरच्या सरासरी बंदुकीचा नाही. तो कदाचित तिच्यापेक्षा चांगला असेल. किंवा उलट, चारशे वर्षांच्या गंजाने आता वाईट झालेला असेल. दोन्ही चुका विरुद्ध दिशेच्या आहेत आणि त्या एकमेकींना कापतात असं गृहीत धरायला कारण नाही.

अस्सल वस्तू वापरली म्हणजे अस्सल स्थिती मिळाली असं होत नाही. नळी मूळची आहे, पण ती *तेव्हाची* नळी नाही. जुन्या हस्तलिखितांवर, जुन्या धातूंवर, हर्बेरियममधल्या वाळलेल्या पानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे भिंतीवर लिहून ठेवावं.

दारूचा घोळ

तिसरी शंका दारूची. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० हे आजचं ठरलेलं प्रमाण. पण दारूचं वागणं प्रमाणावर कमी आणि दाण्यावर जास्त अवलंबून असतं. दाणा किती मोठा, किती घट्ट, सगळे सारखे आहेत का, कोळसा कुठल्या लाकडाचा, सोरा किती शुद्ध. सतराव्या शतकात युरोपात जाणाऱ्या सोऱ्याचा मोठा वाटा डच आणि इंग्रज कंपन्यांनी बिहारमधून नेलेला होता. तो माल दर खेपेला सारखा असायची हमी कोण देणार? आधुनिक कारखान्यातली दारू दर बारला तेच दाब देते. त्यामुळे वेगातला फरक कमी दिसतो आणि विखुरणही थोडं आवरतं.

याचा अर्थ ग्राझचे आकडे चुकीचे असा नाही. ती *वरची मर्यादा* आहे. हा शब्द महत्त्वाचा. चौकट, वीज, नवी दारू, हे सगळं बंदुकीच्या बाजूने झुकलेलं आहे. एवढं करूनही जर गोळी निम्म्या वेळा चुकत असेल, तर खऱ्या सैनिकाच्या हातात ती नक्कीच जास्त चुकत असणार. म्हणजे हॉलच्या युक्तिवादाला याने बळच मिळतं. पण हीच चौकट वापरून कुणी 'सोळाव्या शतकातला सैनिक अमुक टक्के मारायचा' असं लिहिलं तर ते चूक. प्रयोगाचा कल कुठल्या दिशेने आहे ते एकदा ओळखलं की त्यातून कोणता निष्कर्ष सुरक्षित आणि कोणता नाही हे आपोआप कळतं.

लक्ष्याचा आकार म्हणजे प्रश्नाचा आकार

चौथी गोष्ट मला सर्वांत आवडते.

ग्राझचं लक्ष्य एका माणसाएवढं, अर्धा चौरस मीटर. आता १८१३ साली प्रसिद्ध झालेलं प्रशियन सेनानी शार्नहॉर्स्टचं काम बघा. त्यात वेगवेगळ्या देशांच्या लष्करी बंदुकांच्या चाचण्या आहेत. तिथलं लक्ष्य म्हणजे सुमारे सहा फूट उंच आणि शंभर फूट रुंद फळ्यांची भिंत. म्हणजे माणूस नव्हे, माणसांची *रांग*. क्षेत्रफळ ग्राझच्या लक्ष्याच्या शंभर पटींहून मोठं.

दोन्ही प्रयोगांचं नाव 'अचूकता'. पण पहिला विचारतो, 'ही बंदूक त्या एका माणसाला लागेल का?' दुसरा विचारतो, 'ही पलटण त्या पलटणीला लागेल का?' प्रशियन अधिकाऱ्याला पहिल्या प्रश्नात रसच नव्हता, कारण त्याचं सैन्य एकेकाला टिपायला उभं केलेलंच नव्हतं. ब्रिटिश कर्नल जॉर्ज हँगरने १८१४ मध्ये लिहिलं की दीडशे यार्डांवर साध्या बंदुकीने, त्याच्यावर नेम धरलेला असताना, जखमी होणारा सैनिक फारच कमनशिबी म्हणायचा. ते वाक्य एकट्या माणसाबद्दल आहे. लोक ते उचलून रांगेबद्दल वापरतात आणि मग 'बंदुका निरुपयोगी होत्या' असा चुकीचा सूर लागतो.

भौतिकशास्त्राची बाजूही बघू. ३० सेंमी रुंदीच्या लक्ष्याच्या मध्यावर नेम धरला, तर १०० मीटरवर फक्त १५ सेंमी इकडे किंवा तिकडे सरकायला मुभा आहे. कोनात हे ०.१ अंशापेक्षाही कमी. ब्राउन बेसमध्ये गोळी आणि नळी यांच्यात दीड मिलिमीटरची फट. नळीच्या छेदाची जवळजवळ १५ टक्के जागा मोकळी! ती हवी होती, कारण दारूची काजळी साचत जाते आणि तरीही पुढची गोळी पटकन खाली उतरायला हवी. पण त्या फटीमुळे गोळी नळीत आपटत बाहेर पडते, कुठल्यातरी अक्षाभोवती गिरकी घेते आणि हवेत वळते. रॉबिन्सने हेही दाखवलं होतं. नळीचं टोक त्याने मुद्दाम डावीकडे वाकवलं, तर गोळी पुढे जाऊन उजवीकडे वळली. कारण वाकलेल्या नळीच्या उजव्या बाजूला घासत गेल्याने तिला त्या दिशेची गिरकी मिळाली. आज आपण याला मॅग्नस परिणाम म्हणतो. क्रिकेटमधला ड्रिफ्ट आठवा. दर बारला गिरकीचा अक्ष वेगळा, म्हणून दर बारला वळण वेगळं. हे चौकट आवळून जात नाही, नवी दारू घालून जात नाही. म्हणूनच ग्राझच्या सगळ्या त्रुटी मान्य करूनही त्याचा गाभा टिकतो.

मग नवी बंदूक बनवून बघितली तर?

अस्सल बंदुका पुन्हा उडवायला आज कुठलं संग्रहालय सहज तयार होईल असं मला वाटत नाही. नळी फुटली तर पुरावाच नष्ट. म्हणून प्रतिकृतींकडे वळावं लागतं. आणि प्रतिकृतींचा बाजार चालवतात ते रीएनॅक्टर, म्हणजे त्या काळचे कपडे घालून लढाया पुन्हा उभ्या करणारे हौशी गट. इंग्लंडमधली 'सील्ड नॉट' ही संस्था १९६८ पासून सतराव्या शतकातल्या यादवी युद्धातल्या लढाया उभ्या करते. अमेरिकेत १९७६ च्या द्विशताब्दीने स्वातंत्र्ययुद्धाच्या बंदुकांना मोठी मागणी आणली. इटलीतलं गार्दोने वाल ट्रोम्पिया हे खोरं, जिथे सोळाव्या शतकापासून बंदुका घडतात, तिथेच आज पेडरसोलीसारखी कंपनी ब्राउन बेसच्या प्रतिकृती बनवते.

पण 'हुबेहूब' हा शब्द ऐकला की सावध व्हायचं. हुबेहूब *कशाच्या बाबतीत*? प्रश्नानुसार प्रतिकृतीचे निकष बदलतात:

- प्रश्न गोळीच्या मार्गाचा असेल, तर नळीचा व्यास, लांबी, आतला गुळगुळीतपणा, गोळीची फट आणि दारू जुळली पाहिजे. लाकूड कुठलं आहे याने फरक पडत नाही.
- प्रश्न हाताळणीचा असेल, तर वजन, तोल, दस्त्याचा आकार आणि चापाची ठेवण जुळली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली जड मस्केट टेकूच्या काठीवर ठेवून उडवावी लागे. खरेदीदाराला परवडावी म्हणून हलकी केलेली तोडेदार प्रतिकृती घेऊन 'एवढी काही जड नव्हती' असं म्हणणं म्हणजे वजनकाटा बदलून वजन कमी झाल्याचं सांगणं.
- प्रश्न नळी फुटण्याचा असेल, तर आजची प्रतिकृती जवळपास निरुपयोगी आहे. मूळ नळी लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, लांबीभर सांधून घडवलेली. त्यात मळीचे धागे आणि सांध्याची कमजोर रेघ. आजची नळी एकसंध पोलादाची.

एकच वस्तू पहिल्या प्रश्नाला उत्तम साक्षीदार आणि तिसऱ्याला खोटी साक्षीदार असू शकते.

रीएनॅक्टरला काय माहीत असतं?

विद्यापीठीय लोक रीएनॅक्टरांना हसतात आणि रीएनॅक्टर विद्यापीठीय लोकांना. दोघेही थोडे चुकतात.

याकोब दे घाइनने १६०७ साली शंभराहून अधिक चित्रांचं एक कवायत-पुस्तक छापलं. भाला आणि बंदूक कशी धरायची, भरायची, झाडायची, याची एकेक पायरी. कागदावर ते निव्वळ नाटकी वाटतं. एवढ्या पायऱ्या कशाला? पण हातात दोन्ही टोकांना पेटलेला तोडा आणि कमरेला उघडी दारू घेऊन उभं राहिलं की कळतं: बंदूक भरण्याआधी तोडा चापातून काढून डाव्या हाताच्या बोटांत दूर धरणं ही शोभा नाही, जिवाची गरज आहे. शेजारचा माणूस किती अंतरावर हवा हेही तिथेच कळतं. हे ज्ञान ग्राझच्या चौकटीला कधीच मिळणार नाही, कारण चौकटीला बोटं नसतात.

उलट बाजूने, रीएनॅक्टर जेव्हा 'आम्ही मिनिटाला इतके बार काढतो, म्हणजे तेव्हाही काढत असणार' म्हणतो तेव्हा हात वर करायचा. तो पोकळ बार काढतोय. गोळी नाही, त्यामुळे नळीत खरा दाब नाही, खांद्याला खरा धक्का नाही. अनेक गटांत सुरक्षिततेसाठी मैदानावर गज वापरायलाच बंदी असते, म्हणजे ठासणं ही सर्वांत वेळखाऊ पायरीच गाळलेली. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घन अवशेषच होतो. खऱ्या लढाईत वीसेक बारांनंतर गोळी खाली उतरेना, ही तक्रार गोळीच नसलेल्याला कशी येणार? आणि समोरून कुणी उलट बार काढत नाही हे तर आहेच.

म्हणजे ग्राझने माणूस काढून यंत्र ठेवलं. रीएनॅक्टरने गोळी काढून माणूस ठेवला. दोघांनी एकेक चल गोठवलं. कोणी काय गोठवलं ते नीट लिहिलं असेल तर दोन्ही पुरावे कामाचे, नाहीतर दोन्ही दिशाभूल करणारे.

आपल्याकडून जाणाऱ्या बंदुका

या कथेत भारताचा एक खरा धागा आहे आणि तो फार अभिमानाने सांगण्यासारखा नसला तरी शिकण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रतिकृतींपैकी बऱ्याच भारतात बनतात. युरोपियन प्रतिकृतीपेक्षा किंमत बरीच कमी, आणि फ्रेंच, प्रशियन, डच असे दुर्मिळ नमुनेही मिळतात. अक्रोडाऐवजी अनेकदा साग किंवा शिसव. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा नळीला कान, म्हणजे रंजकेची आग आत नेणारं भोक, पाडलेलंच नसतं. त्यामुळे ती 'बंदूक' न राहता शोभेची वस्तू म्हणून परदेशी जाते. भोक पाडायचं की नाही हे घेणारा ठरवतो.

यावर हौशी लोकांत वर्षानुवर्षं वाद आहे. एक बाजू म्हणते, आम्ही इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही. दुसरी म्हणते, नळीचं पोलाद कुठलं ते माहीत नाही. पण बघा, 'काही झालं नाही' हा पुरावा कोणत्या वापराचा? बहुतांश पोकळ बारांचा. आधीच पाहिलं, त्यात दाब कमी. म्हणजे सैल परीक्षेत पास झालेल्याला कडक परीक्षेचं प्रमाणपत्र देणं झालं.

इथे ब्रिटनची एक जुनी व्यवस्था उपयोगी आहे. १८६८ च्या कायद्यानुसार तिथे नळी विकण्याआधी प्रूफ हाउसमध्ये जादा दारूने उडवून, तपासून, शिक्का मारून घ्यावी लागते. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद तर १६३७ ची. अमेरिकेत अशी सक्ती नाही. म्हणजे तीच वस्तू एका देशात तपासलेली आणि दुसऱ्या देशात फक्त 'चालते म्हणतात' अशी. शिक्का म्हणजेही अमरपट्टा नव्हे. तो सांगतो की त्या दिवशी, त्या भाराने नळी टिकली. पण 'ऐकलंय' आणि 'मोजलंय' यातला फरक त्यातून कळतो. आणि इथे तो फरक कुणाच्या तरी बोटांचा, डोळ्यांचा आहे.

तर माझं मत काय?

ग्राझचा लेख त्याच्या प्रकारातला अजूनही सर्वांत चांगल्या लेखांपैकी एक आहे, असं मी म्हणेन. गुळगुळीत नळीची गोळी वेगवान आणि ताकदवान होती, पण एका माणसाला लांबून टिपायला भरवशाची नव्हती, हे त्यातून ठामपणे निघतं, कारण प्रयोगाचा कल बंदुकीच्या बाजूने असूनही ती चुकली. पण त्यातून 'म्हणून रणनीती अशी झाली' हे निघत नाही. तिथे जायला मध्ये रांगेएवढं लक्ष्य लागतं, थरथरणारा माणूस लागतो, काजळी आणि पाऊस लागतो. आकडा ते कारण या प्रवासात एक पूल बांधायचा असतो, आणि तो पूल ग्राझने बांधलेला नाही. त्याने फक्त एका काठावरचा भक्कम खांब दिलाय.

सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक महत्त्वाच्या संदर्भापुढे हे पाच प्रश्न पेन्सिलने लिहा: एन नक्की कशाचा आहे? हा नमुना कसा उरला? कोणतं चल गोठवलं? त्या गोठवण्याने निकाल कुठल्या बाजूला झुकला? आणि लक्ष्याचा आकार कोणी ठरवला? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. तुमच्या विषयात 'लक्ष्य' म्हणजे प्रश्नावली असेल, पीक-उत्पादनाचा निर्देशांक असेल, परीक्षेतले गुण असतील. पण ते कुणीतरी, काहीतरी मनात धरून, अमुक रुंदीचं कापलेलं असतं. मुलाखतीत 'तुमची मेथडॉलॉजी काय?' असं विचारलं की पाठ केलेली व्याख्या सांगू नका. आपलं लक्ष्य किती रुंद आहे आणि तेवढंच का, हे सांगा.